बंदिवानांच्या कुळातला बिशप



या पानावर आपण सहसा संतांची चरित्रे वाचतो. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते संत नाहीत. आपल्या दिनदर्शिकेत त्यांचा सण नाही आणि त्यांचे नाव कुणी आपल्या मुलाला दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकलो तेव्हा पाखंडी मतांच्या प्रकरणात त्यांच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ आली होती. गॉथ लोकांचे बिशप उल्फिलास, एरियसपंथी, एवढेच. परीक्षेसाठी तेवढे पुरले. पुढे वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले की त्या अर्ध्या ओळीत एका अख्ख्या लोकसमूहाचे स्थलांतर दडलेले आहे, आणि आपल्या ख्रिस्तसभेचा एक न फिटलेला हिशेबही.

गॉथ हे जर्मानिक भाषा बोलणारे लोक. आज जिथे पोलंड आहे त्या विस्तुला नदीच्या खोऱ्यातून ते हळूहळू दक्षिणेकडे सरकले आणि तिसऱ्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेला व डॅन्यूब नदीच्या पलीकडे येऊन थडकले. स्थलांतर म्हटले की घोड्यांवरून धूळ उडवीत येणारी टोळधाड डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती पिढ्यान्‌पिढ्या चाललेली बिऱ्हाडांची हलवाहलव होती. बैलगाड्या, गुरे, बायकामुले, म्हातारीकोतारी. थोडे चालायचे, जमीन कसायची, पुन्हा उठायचे. डॅन्यूबच्या अलीकडे रोमन साम्राज्य होते, तिथे धान्याची कोठारे होती, शहरे होती, पैसा होता. त्यामुळे लूटमारही होत होती.

अशाच एका लुटीत आपल्या कथानायकाचे मूळ आहे. २५० ते २७० या दरम्यान, वालेरियन आणि गालिएनस या सम्राटांच्या काळात, गॉथांनी समुद्र ओलांडून आशिया मायनरवर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानवर धाडी घातल्या. कपदुकिया प्रांतातून त्यांनी पुष्कळ माणसे पकडून नेली. त्यांत ख्रिस्ती होते, काही धर्मसेवकही होते. पार्नासस शहराजवळच्या सादागोल्थिना नावाच्या खेड्यातले एक कुटुंब त्या बंदिवानांत होते. हे गावाचे नाव फिलोस्टॉर्गियस नावाच्या इतिहासकाराने जपून ठेवले आहे. तो स्वतः कपदुकियाचा, म्हणून त्याला त्या खेड्याचे अगत्य असावे.

या बंदिवानांना परत जाता आले नाही. त्यांनी परक्यांच्या अंगणात संसार मांडले आणि आपल्या धन्यांना ख्रिस्ताची ओळख करून दिली. कुणी धर्मप्रांत त्यांना पाठवले नव्हते, कुठल्या सम्राटाचा आधार नव्हता. ज्यांना दोर लावून ओढत नेले त्यांनीच श्रद्धा पेरली. ३२५ साली नायसियाची परिषद भरली तेव्हा तिथे सही करणाऱ्यांमध्ये गॉथांच्या मुलखातील थिओफिलस नावाचे बिशप होते. बंदिवानांच्या पेरणीला दोन पिढ्यांत एवढे पीक आले होते.

अशा कुळात ३११ च्या सुमारास हा मुलगा जन्मला. त्याचे नाव ठेवले वुल्फिला. ग्रीक तोंडात त्याचे उल्फिलास झाले. गॉथ भाषेत या नावाचा अर्थ छोटा लांडगा, किंवा म्हणा ना, लांडग्याचे पिल्लू. कपदुकियाचे रक्त, गॉथ नाव. घरातल्यांनी तोवर परक्या मुलखाला आपले म्हटले होते हे या नावावरूनच कळते. मुलगा गॉथ, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा शिकला. उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याची सेवा त्याच्याकडे आली, म्हणजे तो वाचक झाला. शास्त्रपाठ अर्थातच ग्रीक किंवा लॅटिन असणार, कारण गॉथ भाषेला लिपीच नव्हती. लाकडावर, धातूवर कोरायची थोडीशी रून चिन्हे होती, पण पुस्तक नव्हते.

तरुणपणी गॉथांच्या शिष्टमंडळाबरोबर ते रोमन साम्राज्यात गेले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी, ३४१ च्या सुमारास, निकोमेडियाचे युसेबियस यांनी त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली. इथेच त्यांच्या आयुष्याला ते वळण लागले ज्यामुळे ते पाखंडी मतांच्या प्रकरणात जाऊन बसले. युसेबियस हे दरबारातले मोठे प्रस्थ. मरणशय्येवरच्या कॉन्स्टंटाईन सम्राटाला ३३७ साली बाप्तिस्मा दिला तो यांनीच. आणि ते एरियसच्या बाजूचे होते. गावाकडून आलेल्या या तरुण बिशपला राजधानीत भेटलेली ख्रिस्तसभा ही अशी होती.

परत जाऊन सात वर्षे त्यांनी डॅन्यूबपलीकडे काम केले. मग गॉथांच्या प्रमुखाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. त्याला ख्रिस्ती धर्म म्हणजे रोमचा धर्म वाटत होता, आणि शत्रूचा देव घरात कशाला, असा साधा हिशेब होता. अनेक स्त्रीपुरुष मारले गेले. तेव्हा ३४८ च्या सुमारास उल्फिलास यांनी आपल्या माणसांना बरोबर घेतले आणि नदी ओलांडली. सम्राट कॉन्स्टंटियसने त्यांना मानाने आत घेतले आणि आपल्या काळचा मोशे म्हणून त्यांचा गौरव केला, असे फिलोस्टॉर्गियस सांगतो.

मोशेशी तुलना मोठी आहे, पण ज्या प्रदेशात हे लोक स्थिरावले तो दुधामधाने वाहणारा नव्हता. मध नाही, दूध मात्र होते. आजच्या बल्गेरियात, निकोपोलिस शहराच्या आसपास, हेमस डोंगराच्या पायथ्याशी त्यांना जागा मिळाली. दोनशे वर्षांनी, ५५१ च्या सुमारास, योर्डानेस नावाच्या लेखकाने गॉथांचा इतिहास लिहिला. तोवर उल्फिलासांची माणसे तिथेच होती. तो त्यांना धाकटे गॉथ म्हणतो. संख्येने पुष्कळ, पण गरीब आणि लढाईची हौस नसलेले. गुरेढोरे, चराऊ कुरणे आणि जंगलातले लाकूड एवढीच त्यांची दौलत. गहू फारसा पिकत नाही. द्राक्षमळे म्हणजे काय हे त्यांच्यातल्या काहींना ठाऊकच नाही, कुणाला द्राक्षारस हवा असेल तर तो शेजारच्या मुलखातून विकत घ्यायचा. बहुतेक जण दूध पितात.

हा उतारा आम्हांला फार आवडतो. बाकीच्या गॉथांनी त्या दोनशे वर्षांत रोम लुटले, गॉलमध्ये राज्य स्थापले, स्पेन घेतला, इटलीवर राज्य केले. इतिहासाची पुस्तके त्यांच्यावरच लिहिली जातात. हे धाकटे गॉथ मात्र ज्या डोंगरपायथ्याला त्यांच्या बिशपांनी आणून बसवले तिथेच गुरे राखत राहिले.

त्या डोंगरपायथ्याशी उल्फिलास यांनी आपले मोठे काम केले. गॉथ भाषेसाठी त्यांनी लिपी तयार केली. सत्तावीस अक्षरे. बहुतेक ग्रीकवरून घेतलेली, काही लॅटिनवरून, एकदोन जुन्या रून चिन्हांवरून. त्या अक्षरांत त्यांनी पवित्र शास्त्राचा अनुवाद केला. जर्मानिक कुळातल्या कुठल्याही भाषेतले आज हाती असलेले हे सर्वांत जुने मोठे लेखन आहे. आजची जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश या सगळ्या त्या कुळातल्या, म्हणजे गॉथ भाषेच्या चुलत बहिणी.

अनुवादकाची दमछाक कुठे होते हे ज्यांनी एखादे प्रवचन दुसऱ्या भाषेत नेले असेल त्यांना ठाऊक आहे. देवदूत, बिशप, शुभवर्तमान यांसाठी त्यांनी ग्रीक शब्दच थोडे गॉथ वळण देऊन ठेवले, जसे आपण बिशप आणि मिस्सा ठेवले आहेत. बाप्तिस्मा देणे यासाठी मात्र बुडवणे हे घरगुती क्रियापद घेतले. प्रभूच्या प्रार्थनेत पित्यासाठी अत्ता हा घरातला शब्द आला. आणि क्रूस? त्यासाठी त्यांनी गाल्गा हा शब्द वापरला. म्हणजे ज्यावर गुन्हेगाराला लटकावतात तो खांब. इंग्रजीतला फासाच्या खांबाचा शब्द त्याचाच भाऊबंद आहे. आपण गळ्यात सोन्याचा क्रूस घालतो. त्या गुराख्यांना दुःखसहनाचा पाठ ऐकताना फासाचा खांबच ऐकू येत होता. आपल्या आजोबांच्या पिढीने आयुष्यभर मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. हे लोक चौथ्या शतकातच आपल्या बोलीत पाठ ऐकत होते.

एक गोष्ट या अनुवादाबद्दल नेहमी सांगितली जाते. फिलोस्टॉर्गियसच्या म्हणण्यानुसार उल्फिलास यांनी सगळे शास्त्र भाषांतरित केले, फक्त राजांची पुस्तके वगळली. ग्रीक बायबलात शमुवेलाची दोन आणि राजांची दोन अशी चारही पुस्तके याच नावाखाली येत. कारण असे की त्यांत लढायाच लढाया आहेत, आणि गॉथांना युद्धाची खोड आधीच होती, तिला लगामाची गरज होती, टाचेची नव्हे. म्हणजे दावीद आणि गल्याथ या गॉथ मुलांना भेटलेच नाहीत. आम्हांला यात एक अडचण दिसते. यहोशवा आणि शास्ते या पुस्तकांत लढाया काय कमी आहेत? जुन्या कराराचे नहेम्याच्या पुस्तकातले थोडे तुकडे सोडले तर या अनुवादातले काहीच उरलेले नाही, त्यामुळे पडताळा घेता येत नाही. पण आपल्या माणसांच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये याची चिंता करणारा मेंढपाळ त्या गोष्टीत दिसतो, आणि धाकट्या गॉथांचे पुढचे आयुष्य पाहिले तर ती त्यांना शोभते.

आता त्या हिशेबाकडे वळू. उल्फिलास चुकत होते, आणि लहानसहान गोष्टीत नव्हे. नायसियाच्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्वाचा आहे असे ठरवले, ते आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात म्हणतो. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. उल्फिलास यांना हे मान्य नव्हते. ३६० साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या परिषदेत तत्त्व हा शब्दच वापरू नये, पुत्र पित्यासारखा आहे एवढेच शास्त्राला धरून म्हणावे, असा ठराव झाला. तिथे ते हजर होते आणि त्यांनी संमती दिली. सारखा आणि तोच, यांत काय एवढे, असे एखाद्याला वाटेल. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांलाही प्रथम वाटले होते. पण पुत्र केवळ पित्यासारखा असेल तर क्रूसावर आपल्यासाठी देव आला नाही, देवाने कुणाला तरी पाठवले, एवढेच उरते. त्या एका शब्दावर आपले तारण तोललेले आहे. अथनाशियस यांनी पाच वेळा हद्दपारी सोसली ती शब्दच्छलासाठी नाही.

उल्फिलास तिथे कसे पोचले असतील? त्यांचा शिष्य ऑक्झेंटियस याने गुरूविषयी पत्र लिहून ठेवले आहे. आईवडिलांनी लहानपणीच त्याला उल्फिलासांच्या हाती सोपवले होते, आणि त्यांनी त्याला शास्त्र शिकवले, मुलासारखे वाढवले. त्यात गुरूचे मत स्पष्ट आहे. एकच अजन्मा देव, पुत्र त्याच्याखाली, पवित्र आत्मा पुत्राच्याखाली. शास्त्रात नसलेला शब्द श्रद्धेत नको हा त्या पक्षाचा आग्रह होता. शास्त्रातला प्रत्येक शब्द ज्याने हाताने तोलून दुसऱ्या भाषेत ठेवला, त्याला शास्त्राबाहेरचा शब्द खुपला असावा, असा आमचा आपला तर्क. फिलिप्पैकरांस पत्रातील स्तोत्रात ग्रीकमध्ये देवाच्या बरोबरीचा असा अर्थ आहे. गॉथ अनुवादात तिथे देवासारखा या अर्थाचा शब्द दिसतो. ही मुद्दाम केलेली फिरवाफिरव की भाषेची सोय, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. आम्हांला ती निर्दोष वाटत नाही.

पण ते दरबाराच्या मर्जीसाठी असे बोलले असे म्हणता येत नाही. वारा फिरल्यावरही ते फिरले नाहीत.

वारा कसा फिरला ते थोडक्यात सांगतो. डॅन्यूबपलीकडे मागे राहिलेल्या ख्रिस्ती गॉथांवर पुन्हा छळ आला. १२ एप्रिल ३७२ रोजी साबा नावाच्या अडतीस वर्षांच्या गॉथाला नदीत बुडवून मारले. मूर्तीला वाहिलेले मांस खायला त्याने नकार दिला होता. हे संत साबा आपल्या श्रद्धेचे, त्यांचा सण आहे. त्यांचे अवशेष कपदुकियाला, संत बेसिल यांच्या धर्मप्रांताकडे पाठवण्यात आले. शंभर वर्षांपूर्वी ज्या मातीतून बंदिवान नेले होते तिथेच एका गॉथाचे पवित्र अवशेष परतले.

मग पूर्वेकडून हूण आले. ३७६ साली गॉथांचा प्रचंड जमाव डॅन्यूबकाठी येऊन आसरा मागू लागला. सम्राट व्हॅलेन्सने परवानगी दिली. पण ल्युपिसिनस आणि मॅक्सिमस या अधिकाऱ्यांनी निर्वासितांच्या भुकेचा बाजार मांडला. कुत्री गोळा करून त्यांचे मांस विकले, आणि एका कुत्र्याची किंमत एक मूल, गुलाम म्हणून. हे कुणा गॉथाने नव्हे, अम्मियानस या रोमन सैनिकाने लिहून ठेवले आहे. ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या रणांगणात त्या भुकेने सूड घेतला. रोमन सैन्याचा चुराडा झाला, व्हॅलेन्स मारला गेला, त्याचे प्रेतही सापडले नाही. ३८२ साली नव्या सम्राटाने, थिओडोसियसने, गॉथांशी तह करून त्यांना साम्राज्यातच वसवले.

थिओडोसियस नायसियाच्या श्रद्धेचा होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ती श्रद्धा पक्की केली. दोन वर्षांनी उल्फिलास यांना वादविवादासाठी राजधानीत बोलावणे आले. वय सत्तरीचे, बिशपपदाची चाळीस वर्षे झालेली, सात नदीपलीकडे, तेहतीस अलीकडे. त्यांचा पक्ष हरला होता. तरीही म्हातारा निघाला. तिथे पोचताच आजारी पडले आणि ३८३ साली तिथेच वारले. मरताना आपल्या माणसांसाठी त्यांनी आपली श्रद्धा लिहून ठेवली, आणि आपण नेहमी असेच मानत आलो असे तीत नमूद केले. चुकीची श्रद्धा, पण उसनी नव्हे.

त्या चुकीची किंमत इतरांनी मोजली. गॉथांकडून एरियसचे मत व्हँडल, बर्गंडियन, लोंबार्ड अशा जर्मानिक लोकांत पसरले. जिथे जिथे ते वसले तिथे एकाच गावात दोन चर्च, दोन बिशप, जेते एकीकडे आणि जिंकलेले दुसरीकडे. उत्तर आफ्रिकेत व्हँडल राजांनी कॅथलिक बिशपांना देशोधडीला लावले. संत ऑगस्टिन ४३० साली वारले तेव्हा हिप्पोला व्हँडलांचाच वेढा होता. स्पेनमधले गॉथ ५८९ साली तोलेदोच्या परिषदेत, राजा रेकारेड याच्यासह, कॅथलिक श्रद्धेत आले, आणि त्यानंतर एरियसपंथी पुस्तके एका घरात गोळा करून जाळल्याचे एका जुन्या बखरीत लिहिले आहे. त्यांत उल्फिलास यांच्या शुभवर्तमानाच्या किती प्रती गेल्या असतील!

आपल्या बाजूचा एकजण मात्र वेगळे वागला. संत योहान ख्रिसोस्टोम ३९८ साली कॉन्स्टँटिनोपलचे बिशप झाले. शहरात गॉथ सैनिक आणि कामकरी पुष्कळ होते. ख्रिसोस्टोम यांनी त्यांना एक चर्च दिले, गॉथ बोलणारे धर्मगुरू, उपधर्मगुरू आणि वाचक नेमले, आणि दुभाष्याला घेऊन स्वतः तिथे प्रवचन करायला जात. त्या वाचकांच्या हाती गॉथ शास्त्र होते ते कुणाचे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे आम्हांला वाटत नाही.

उल्फिलास यांच्या अनुवादाची सर्वांत सुंदर प्रत सहाव्या शतकाच्या आरंभी इटलीत, बहुधा राव्हेन्ना येथे, गॉथ राजा थिओडोरिकच्या काळात तयार झाली. जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीची व सोन्याची शाई. मूळ पाने ३३६, उरलेली १८८. राज्य बुडाले, भाषा विझली, पुस्तक हजार वर्षे दृष्टीआड राहिले. सोळाव्या शतकात ते जर्मनीत व्हेर्डेन येथील बेनेडिक्टाईन मठात आढळले, म्हणजे कॅथलिक मठवाशांनीच ते सांभाळले होते. तिथून ते प्राग येथे बादशहाच्या संग्रहात गेले, १६४८ साली स्वीडिश सैन्याने लुटून नेले, आणि १६६९ पासून ते उप्साला येथील विद्यापीठात आहे. धाडीत नेलेल्या माणसांच्या वंशजाचे पुस्तक, तेही धाडीतच उत्तरेला गेले.

उप्सालाला १८७ पाने आहेत. एक पान १९७० साली जर्मनीतील श्पायर कॅथीड्रलमध्ये, संत आफ्रा यांच्या चॅपेलची दुरुस्ती चालू असताना मिळाले. ते मार्कच्या शुभवर्तमानाचे शेवटचे पान आहे, जिथे पुनरुत्थित प्रभू शिष्यांना साऱ्या जगात पाठवतो. कुणीतरी ते एका लाकडी काठीभोवती गुंडाळून संतांच्या अवशेषांबरोबर पेटीत ठेवले होते.